दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

भालकीला राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एका माणसाकडे केळी मागितली आणि त्याने माझ्या हातात कॅसेट ठेवली.

यात माझी काही चूक नव्हती, हे मी अजूनही भांडून सांगते. भर बाजारपेठेत कापडाच्या दुकानाच्या पायरीवर एक उंच, सडसडीत माणूस उभा होता. कपाळावर विभूतीच्या तीन ठसठशीत रेघा, गळ्यात मोजपट्टी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात करून चाललेलं, "केळ्री, केळ्री!" मी अंबाजोगाईची. नवऱ्याला इथल्या साखर कारखान्यात नोकरी लागली म्हणून आलेली. कन्नडचा एक शब्द कानाला ओळखीचा नव्हता. मला वाटलं, या मुलखात केळ्यांना केळ्री म्हणत असतील आणि कापडवाले जोडधंदा म्हणून केळी विकत असतील. मी म्हटलं, "अर्धा डझन द्या, जरा पिकलेली बघून."

तो माणूस हसला नाही. उलट त्याचा चेहरा असा उजळला की मलाच कसंतरी झालं. "केळी फळवाल्याकडं घ्या, बाई. मी 'ऐका' म्हणायलोय. कानडीत केळ्री म्हंजी ऐका. आता थांबलाव तर घ्या, घिऊन जावा. दोन पोरं हाईत गोव्याकडली, सख्खे भाऊ. कुनी घेईना गेलंय. तुमी ऐका."

हे बसवणप्पा. बाजारात बसूअण्णा, आणि पाठ वळली की नुसतं 'केळ्री'. तीन भावांचं दुकान. थोरले दोघं गिऱ्हाईक आणि गल्ला सांभाळायचे, अण्णा कापड फाडायचे. घरात कन्नड, पेठेत मराठी, आणि निजामाच्या काळात पहिले काही वर्ग उर्दूत झाल्यामुळे मनातल्या मनात मोजायचे ते उर्दूत. तीन भाषांचा धनी माणूस, पण या तिन्ही भाषांत त्यांचं सगळ्या जगाला एकच सांगणं असायचं, की जरा थांबा आणि हे ऐका. ही मी सांगतेय ती ऐंशीनंतरच्या चारपाच वर्षांतली गोष्ट. घरोघरी टेपरेकॉर्डर आले होते. लोक ऐकायचे ते सिनेमातली गाणी, कीर्तनं, कव्वाल्या, भीमगीतं आणि लग्नाची सनई. अण्णांचं वेड याच्या बाहेरचं. सिनेमात नसलेली, कुणा नव्या पोरापोरींनी गिटार आणि ड्रम घेऊन स्वतःच्या हिमतीवर म्हटलेली हिंदी गाणी. त्यांना ते 'सुटी गाणी' म्हणायचे. आणि त्यातलीही जी चालली नाहीत, दुकानदाराने खालच्या खोक्यात टाकून दिली, ती आधी.

दुकानाच्या खरेदीसाठी सोलापूर, हैदराबादला जाणं अण्णांकडे होतं. साड्यांची खरेदी आटोपली की ते कॅसेटच्या दुकानात जात आणि काचेच्या कपाटाकडे ढुंकूनही न बघता विचारत, "न विकलेलं काय हाय?" दुकानदार आधी रागवायचे, मग ओळखायला लागले. "गाजलेलं काय ऐकायचं, बाई?" अण्णा मला समजावत. "ते आपसूक कानात येतंय, हाटेलात बसलं तरी येतंय. न्हाई गाजलेल्याकडं आपुन चालत जावं लागतंय." त्यांचा आणखी एक सिद्धांत होता. कॅसेटच्या पहिल्या बाजूचं पहिलं गाणं कंपनीचं असतं, खपावं म्हणून घातलेलं. गाणाऱ्याचं स्वतःचं गाणं शोधायचं तर दुसऱ्या बाजूला तिसरं बघायचं. तिथवर कुणी पोचत नाही, म्हणून तिथं माणूस खरं बोलतो. मी हे खोटं ठरवायचा पुष्कळ प्रयत्न केला. निम्म्या वेळा तरी ते बरोबर निघाले, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी "हे अजून कच्चं हाय" असं म्हणून बाद केलं.

लोक त्यांना टाळायचे, हे सांगितलं पाहिजे. नगरपालिकेचे लोक, मास्तर, वैद्य, सगळे त्यांच्या दुकानासमोर आलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने जायचे. मला आधी ते गमतीचं वाटलं. पण एकदा समोरच्या औषधाच्या दुकानात उभी राहून मी अण्णांना बघत होते. 'केळ्री' म्हणताना त्यांचा हात पुढे जायचा, माणूस निघून जायचा, आणि हात तसाच थोडा वेळ हवेत राहायचा. मग ते तो हात कपाळावरच्या विभूतीवरून फिरवायचे, जणू त्यासाठीच वर उचलला होता. मला फार वाईट वाटलं. हा माणूस काही मागत नव्हता; देत होता. आणि देण्यासाठी इतकी अजिजी करावी लागलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दुकानात टेप लावायला भावांची बंदी होती. म्हणून सोमवारी बाजार बंद असला की शाळा सुटल्यावर घराच्या माडीवर ऐकणं चालायचं. श्रोते दोन. एक त्यांची मुलगी गिरिजा, जी मी मराठी शिकवायची त्या शाळेत माझ्या वर्गात होती, आणि दुसरी मी, कारण आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून होती आणि ऐकू तसंही येणारच होतं. महादेवीअक्का, म्हणजे अण्णांची बायको, खालूनच चहा पाठवायची. "मला चुलीम्होरं लई गाणी ऐकू येत्यात," म्हणायची.

माडीवर शिस्त देवघरासारखी. अण्णा आधी कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब कोलन वॉटर घेऊन टेपचं डोकं, म्हणजे पट्टी घासते ती जागा, पुसायचे. कॅसेट कानाशी नेऊन हलवायचे. बटण दाबायचा मान गिरिजाचा, बाजू बदलायचा मानही तिचाच. दोन गाण्यांच्या मधल्या फटीत बोलायला सक्त मनाई. एकदा मी तेवढ्यात शिंकले तर अण्णांनी टेप थांबवला, मागे घेतला आणि ती फट पुन्हा ऐकवली. "मधली शांतता बी गाण्याचीच असती, बाई. तितं पुढचं गाणं श्वास घेतंय." मी गिरिजाकडे बघितलं. ती गंभीरपणे मान हलवत होती. ती या माडीवरच वाढली होती. वडील काय ऐकतात आणि कुठे थांबतात, हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

कारखान्यात त्या वर्षी गळीत हंगामाला बॉयलर पेटवायचा कार्यक्रम होता. मंडपाचं कापड अण्णांच्या दुकानातून गेलं, त्याबरोबर अण्णाही गेले. पूजा व्हायची होती, पाहुणे यायचे होते. माईकवाला विडी ओढायला गेला तेवढ्यात अण्णांनी गोव्याच्या भावांची कॅसेट लावली. कर्ण्यातून गिटार सुरू झाली. उसाच्या गाड्यांचे बैल मुंड्या वर करून बघायला लागले. अध्यक्ष आले, खुर्चीवर बसले, आणि म्हणाले, "हे काय लावलंय? आरती लावा न्हाईतर सिनेमातलं कायतरी लावा." अण्णा हात जोडून पुढे झाले. "साहेब, आरतीला देव हाय. सिनेमाला हिरो हाय. ह्या पोरांना कुनी न्हाई." अध्यक्षांना हे कोण गृहस्थ ते कळेना. माझ्या नवऱ्याने अण्णांना बाजूला घेतलं, तर जाताजाता ते माईकवाल्याला सांगत होते, "येवढं तिसरं हू दे, मग आरती लाव." घरी येऊन नवरा मला म्हणाला, तुझ्या त्या केळीवाल्यामुळे माझी नोकरी जायची. आम्ही हसलो. तेव्हा सगळेच हसत होते.

मग रूबी आली. म्हणजे तिची कॅसेट आली. निळं वेष्टन, वर केस कापलेल्या एका मुलीचा पाठमोरा फोटो, आणि नुसतं 'रूबी'. पूर्ण नाव नाही, गाव नाही. अण्णांनी ती हैदराबादेत खालच्या खोक्यात पाहिली, तिथेच उभ्याने ऐकली आणि परतीच्या बसमध्ये, त्यांच्याच शब्दांत, "डोळ्याचं पानी पुसत" आले. कॉन्व्हेंटात शिकलेल्या मुलीची हिंदी. शब्द तोंडात गोल फिरवून म्हणायची. आवाज पातळ, जरासा घोगरा, चुकला तर चुकलेला तसाच ठेवलेला. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं एका तराफ्यावर होतं. बेडा म्हणजे तराफा. तिचा बेडा किनाऱ्याला लागत नाही, एवढीच गोष्ट, आणि ध्रुवपदात नुसतं 'बेडा, बेडा' असं पुन्हापुन्हा. तिच्या तोंडी ते 'ब्याडा, ब्याडा' व्हायचं. त्या जागी गिरिजाने ओढणी तोंडाला लावून हसू दाबलं.

"काय झालं गं?" मी कुजबुजले.

"काय न्हाई, बाई. आमच्या कानडीत ह्याचा अर्थ येगळाच निघायलाय."

अण्णांनी आम्हा दोघींकडे असं बघितलं की मी पुढे विचारलं नाही. अण्णा स्वतः कन्नड घरातले, पण ते वेष्टनात छापलेले शब्द डोळ्यांपुढे धरून ऐकत होते. त्यांना तराफा दिसत होता, आणि दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

रूबीच्या न खपलेल्या कॅसेटी कंपनी परत मागवतेय आणि पुसून त्यावर दुसरी गाणी भरणार आहे, असं हैदराबादच्या दुकानदाराने सांगितलं तेव्हा अण्णांची झोप उडाली. माणूस मरतो हे त्यांना मान्य होतं. माणूस पुसला जातो हे नव्हतं. त्यांनी ते अख्खं खोकं उचलून आणलं. आता लोकांना ऐकवायचं कसं? तर लग्नाच्या बस्त्यातून. आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं एकत्र दुकानात बसतात, नवरीच्या साड्यांपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं कापड एकदाच बांधून नेतात. त्या गाठोड्यात अण्णा गुपचूप एक रूबी घालायला लागले. भावांनी ओरडून पाहिलं, पण गिऱ्हाइकं खूश होती. फुकटची कॅसेट कुणाला नको?

खूश का होती, ते पुढे कळलं. बसस्टँडजवळ एक जण कॅसेटी भरून द्यायचा. लोक बस्त्यातली रूबी घेऊन सरळ त्याच्याकडे जायचे आणि तिच्यावर कीर्तन, सनई, नाहीतर नवीन सिनेमा भरून घ्यायचे. कोरी कॅसेट विकत घ्यायला नको. पण कीर्तन जरा आखूड पडलं की शेवटी रूबीचा थोडासा तुकडा पुसायचा राहायचा. भालकीत कितीतरी घरांत अभंग संपला, टाळ थांबले, की एकदम ही मुलगी मधूनच अर्धी ओळ म्हणायची आणि कटकन बंद व्हायची. बायका दचकायच्या. अण्णांनी असाच तो तुकडा एकदा कुणाच्या खिडकीतून ऐकला. दुकानात न जाता माझ्याकडे आले आणि ओट्यावर बसले.

"पुसली की हो, बाई. मीच नेऊन दिली त्येंच्या हातात, आन् त्येंनी पुसली."

मी म्हटलं, शेवटचा तुकडा तरी ऐकतात. ते म्हणाले, "मानूस बुडताना हात वर दिसतोय, तेला बघनं म्हनत्यात व्हय?"

याच दिवसांत गिरिजाचं लग्न काढलं. मॅट्रिक झाली होती, बरे गुण होते. तिला बिदरला राहून शिक्षिकेचा कोर्स करायचा होता. फॉर्म मीच आणवला होता. स्थळ थोरल्या काकांनी आणलं, अफजलपूरकडचं, भीमेच्या काठचा ऊस, बांधलेलं घर, मुलगा निर्व्यसनी. नाव ठेवायला जागा नव्हती. घरात बायकांचं चालत नव्हतं, धाकट्या भावाचंही फारसं नव्हतं; पण बाप 'नाही' म्हणाला असता तर काका थांबले असते. गिरिजाला ते माहीत होतं. एका सोमवारी मी माडीवर गेले तर ती आधीच येऊन बसली होती. अण्णा कोलनचा बोळा फिरवत होते.

"अप्पा, एक बोलायचं होतं."

"बोलू की. आधी हे ऐक. कलकत्त्याची पोरगी हाय, परवाच आनलीय."

"अप्पा, ते अफजलपूरचं..."

"बघू, गिरिजव्वा, बघू. आधी ऐक तर. श्शू."

तिने बटण दाबलं. पहिली बाजू झाली, तिने ती उलटली. दुसरी झाली. अण्णा डोळे मिटून बसले होते, त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की कुणालाही त्यांचा हेवा वाटावा. डोळे उघडले तेव्हा ती खाली गेलेली होती. "बघा, बाई," मला म्हणाले, "असं असतंय. बोलायला कायसुद्धा उरत न्हाई."

लग्न दारातच होतं, सकाळचं. वऱ्हाडाची बस अफजलपूरहून आली. बहुतेक मंडळी कन्नड बोलणारी. दोघं काका अण्णांकडून शपथ घेऊन बसले होते की आज तुझं केळ्री नाही, एकही कॅसेट मांडवात आणायची नाही. अण्णांनी शब्द दिला आणि पाळला. ते सरबताचं ताट घेऊन फिरत होते. माईकवाल्याकडे सनई चालू होती. लग्न लावणारे स्वामी येऊन बसले, नवरदेवाला आणलं, बायका गिरिजाला आणायला आत गेल्या. आणि सनई मधेच तुटली. थोडी खरखर झाली, आणि कर्ण्यातून रूबी सुरू झाली. पहिल्यापासून नाही, थेट ध्रुवपद.

ब्याडा, ब्याडा, ब्याडा.

नवरदेवाचा मामा आधी चमकला आणि मग मांडी थोपटून हसायलाच लागला. "येन्रि, हुडगी ब्याडा अंताळ?" सगळं वऱ्हाड खोखो हसलं. मी शेजारच्या बाईला विचारलं. ती डोळे पुसत म्हणाली, "ब्याडा म्हंजी नको हो, बाई. नवरी नको नको म्हणायलीय म्हणत्यात!" मग मीही हसले असते. पण माझं लक्ष अण्णांकडे गेलं.

त्यांच्या हातातलं ताट वाकडं झालं होतं आणि सरबत धोतरावर सांडत होतं. ती कॅसेट त्यांनी आणली नव्हती. घरात ती कुठे ठेवली आहे, हे दोनच माणसांना माहीत होतं. आणि बरोबर त्या जागेवर टेप आणून ठेवणारं तर एकच. ताट तिथेच खाली ठेवून ते माईकवाल्याकडे धावले.

"कुनी दिली ही?"

"आतून एक मावशी घिऊन आल्या. नवरीनं दिलीय म्हणाल्या. हितूनच लाव, मागंम्होरं करू नकु म्हणाल्या."

गिरिजाला मांडवात आणलं होतं. ती मान खाली घालून उभी होती. हे तिचं बोलणं होतं. बापाला ज्या एका वाटेने काही ऐकू जातं, ती वाट तिला ठाऊक होती आणि तिने ती धरली होती.

अण्णांनी माईक हिसकावून घेतला. त्यांचा आवाज फाटला होता. "केळ्री!" ते ओरडले. "केळ्री, मंडळी! आकीन केळ्री!"

कन्नडमध्ये ऐकणं आणि विचारणं याला एकच शब्द आहे, केळ. 'आकीन केळ्री' म्हणजे तिला विचारा. अण्णा सांगत होते, माझ्या लेकीला विचारा. पण भालकीच्या लोकांनी हा शब्द या तोंडून वर्षानुवर्षं ऐकला होता. त्यांना त्याचा एकच अर्थ ठाऊक होता, की अण्णांची नवी गाणारी बाई आली, तिला ऐका. मांडव हसण्याने हादरला. "आजतरी सोडा, अण्णा!" "लेकीच्या लग्नात बी केळ्री!" "आयकतो, आयकतो, अक्षता तर पडू द्या!" वऱ्हाडाला कुणीतरी समजावून सांगितलं की नवरीचे वडील गाण्याचे शौकीन आहेत, बस्त्यात कॅसेट वाटतात, मग तेही नव्याने हसले. अण्णा एकेकाच्या अंगावर जात होते. "तसं न्हाई हो. ऐका की. तसं न्हवं." जितकं ते म्हणत तितकं लोक हसत. थोरल्या काकांनी एका हाताने माईक काढून घेतला आणि दुसरा हात प्रेमाने भावाच्या खांद्यावर ठेवला. वाजंत्र्यांना खूण केली. अक्षता पडल्या.

मी गिरिजाच्या जवळच उभी होते. तिने एकदाच मान वर करून बापाकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर अण्णांना जगायला जरा सोपं गेलं असतं.

बस निघताना अण्णा खिडकीशी गेले. "गिरिजव्वा, मला कळालं गं. मी आईकलो." ती म्हणाली, "आता कशाला, अप्पा." एवढंच. मग बस गेली.

त्यानंतर अण्णा पायरीवर उभे राहिले नाहीत. लोकांना चुकल्यासारखं व्हायचं, ते मुद्दाम थांबून विचारायचे, "काय अण्णा, नवीन काय?" अण्णा मोजपट्टी गळ्यात घालून आत बसलेले असायचे. माडी बंद. गोव्याचे भाऊ, कलकत्त्याची पोरगी, सगळी खोक्यात गेली. मला ही शांतता सहन होईना. मी भिंतीला कान लावून बघायची, तर पलीकडे कुणी चालतानाचाही आवाज नाही.

ते अफजलपूरला जायला लागले. भालकीहून गुलबर्गा, गुलबर्ग्याहून अफजलपूर. व्याह्यांनी कधी अपमान केला नाही. पाट मांडायचे, जेवू घालायचे, उसाची चौकशी करायचे. गिरिजा पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि दाराशी उभी राहायची. दारामागे सासू. "बरी हायस का?" "बरी हाव, अप्पा." पंचमीला पाठवा म्हटलं तर घरात कामं आहेत; दिवाळीला पाठवा म्हटलं तर बघू. ती आली नाही. अक्का रडून मोकळी व्हायची. अण्णा मोकळे होत नव्हते. एकदा ओट्यावर बसून त्यांनी माझा हात घट्ट धरला, आयुष्यात पहिल्यांदाच. "बाई, तिनं मला सांगितली हो. येवढ्या लोकांत सांगितली. आता ती कामून बोलंना? कायतरी बोल म्हणून तुमी लिवा की." मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

आमचं लातूरकडे जायचं ठरलं. नवऱ्याला तिकडच्या कारखान्यात जागा मिळाली होती. सामान ट्रकवर चढत होतं. निरोप घ्यायला मी अक्काकडे गेले तर ती म्हणाली, "वर हाईत. सकाळच्यानं वरच हाईत. परवा अफजलपूरला जाऊन आल्यापासून असंच चालू हाय."

माडीवर टेप होता, नवाच, आवाज भरून घेता येणारा. अण्णांनी विभूती लावली नव्हती. कपाळ उघडं बघायची मला सवय नव्हती, चेहरा अनोळखी वाटला. मला बघून त्यांनी गादीकडे हात केला. मी बसले.

"कोरी कॅसेट आन् ह्यो टेप घिऊन गेल्तो," ते म्हणाले. "तिच्या सैपाकघरात ठिवलो. सांगितलो, गिरिजव्वा, मी भाईर पायरीवर बसतो, आत कुनी न्हाई. तुला काय सांगायचं ते ह्येला सांग. शिव्या दे. कायबी दे. बटण दाबून भाईर आलो. सगळी बाजू भरूस्तर बसलो."

त्यांनी टेप सुरू केला. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज. मग भाकरी थापल्याचा. बांगड्या. कुठेतरी कोंबडी. पुन्हा भाकरी. मी वाट बघत राहिले. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, पुढे वाकून, पूर्वी ऐकायचे तसेच. "डावा हात उशिरा पडायलाय," म्हणाले. "दमलीय. ही भाकरी तुटली. बघा, पुन्हा पीठ मळायलीय." परातीचा आवाज आला. टेप फिरत होता. तिथे कुणी बोलत नव्हतं, कुणी बोलणारही नव्हतं, हे मला कळून चुकलं होतं. खालून नवरा हाक मारत होता.

"थांबा," अण्णा म्हणाले. "आता."

बांगड्यांचा आवाज थांबला. थापणं थांबलं. स्टोव्हही बंद झाला असावा, कारण एकदम सगळं शांत झालं. मग अगदी जवळून, टेपच्या तोंडाशी कुणी आल्यासारखा, एक श्वास. आणि श्वासाच्या टोकाला अर्धा स्वर. तेवढ्यात बाहेरून बाईचा आवाज आला, "गिरजाऽ", आणि बांगड्या वाजत दूर गेल्या.

अण्णांनी टेप थांबवला. मागे नेला. पुन्हा लावला. पुन्हा तो श्वास, पुन्हा तो अर्धा स्वर, पुन्हा हाक.

"'अ' हाय, बाई. तुमी भाषेच्या बाई हाव, तुमाला कळंल. माझा कान आता भरवशाचा न्हाई. हा 'अप्पा'मधला 'अ' हाय का 'अव्वा'मधला?"

मी टेपजवळ जाऊन ऐकलं. पुन्हा लावायला सांगून ऐकलं. तो नुसता तोंड उघडल्याचा आवाज होता. त्याच्यापुढे बापाला हाक येणार होती की आईला, की नुसताच उसासा, ते जगातल्या कुणालाही सांगता आलं नसतं.

"'अप्पा'च असंल," अण्णा म्हणाले. "व्हय ना, बाई?"

मी हो म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते टेप मागे नेत होते.